कीचकवध, सीझर आणि आपण प्रेक्षक

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. सवडीनं वाचा.

राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र आपल्या परभणीत असतं, हे तुम्हाला माहीतच आहे. पण प्रयोगाच्या आधी संहिता मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र आणावं लागतं, हे नाटक करणारे सोडले तर फार कुणाला ठाऊक नसतं. नवी पोरं हमखास विचारतात, "नाटकाला कशाला परवानगी?" त्याचं उत्तर इतिहासात आहे.

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं. कथा महाभारतातली, शेंबड्या पोरालाही पाठ असलेली. पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री होऊन विराटाच्या राजवाड्यात, आणि मस्तवाल कीचकाची तिच्यावर नजर. युधिष्ठिर म्हणतो धीर धरा. भीम म्हणतो आता पुरे. संपूर्ण नाटकात एकाही इंग्रजाचं नाव नाही. तरी थिएटरात बसलेल्या माणसाला बरोबर कळायचं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'तले. त्यामुळं शंकेला जागाच नव्हती.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन 'शारदा' नाटकाला आले असता अनंत कान्हेरे या तरुणानं त्यांना गोळ्या घातल्या. कान्हेरे तेव्हाच्या औरंगाबादेत शिकलेला, म्हणजे आपल्याच निजाम राज्यातला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, सरकारनं 'कीचकवध'वर बंदी घातली. त्यासाठी कायदा तयारच होता, १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. कलकत्त्याच्या रंगभूमीवर सरकारची खिल्ली उडवणारे प्रयोग होऊ लागले, म्हणून तो आणलेला.

आता गंमत बघा. ज्या इंग्रजांनी हे केलं, त्यांच्याच देशात तीनशे वर्षांपूर्वी हाच खेळ होऊन गेला होता.

साल १५९९. राणी एलिझाबेथ ६६ वर्षांची, मूलबाळ नाही. तिच्यानंतर गादीवर कोण, हे उघड बोलणंसुद्धा धोक्याचं. त्याच वर्षी जूनमध्ये टीकाटिप्पणीची पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला, आणि इंग्लंडचा इतिहास छापायचा तर राणीच्या मंत्र्यांची परवानगी हवी असं ठरलं. मग नाटककारानं करायचं काय? शेक्सपिअरनं रोम गाठलं. प्लुटार्कची चरित्रं १५७९ साली थॉमस नॉर्थनं इंग्रजीत आणली होती, त्यातून 'ज्युलिअस सीझर' उभं राहिलं. २१ सप्टेंबर १५९९ ला थॉमस प्लाटर नावाच्या स्विस प्रवाशानं लंडनमध्ये सीझरचं नाटक पाहिल्याची नोंद आहे. थेम्सपलीकडं, गवतानं शाकारलेल्या नाट्यगृहात. हे नवं कोरं ग्लोबच असावं, असं अभ्यासक मानतात.

भीती पोकळ नव्हती. १६०१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्सच्या माणसांनी बंडाच्या आदल्या दिवशी याच मंडळीला पैसे देऊन राजा पदच्युत होतो ते 'रिचर्ड दुसरा' करवून घेतलं. बंड फसलं, एसेक्सचं डोकं उडालं. नटांची चौकशी झाली, पण ते वाचले.

हे 'सीझर' मराठीत लवकर आलं. काशिनाथ गोविंद नातूंनी १८७२ मध्ये त्यावरून 'विजयसिंग' लिहिलं. खाडिलकरही शेक्सपिअर कोळून प्यालेले. 'सवाई माधवरावांचा मृत्यू'त ते दिसतंच. पण 'कीचकवध' आणि 'सीझर' यांत एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते आज तोच महत्त्वाचा.

'कीचकवध' पाहून उठणाऱ्याला खात्री असते की दुष्ट कोण ते. गुलाम देशाला ती खात्री हवीच होती. 'सीझर' पाहून उठणारा मात्र अस्वस्थ असतो. ब्रूटस प्रामाणिक आहे. प्रजासत्ताक वाचावं म्हणून तो मित्राला मारतो. लोकांपुढं भाषण करतो, लोक जयजयकार करतात. मग अँटनी उभा राहतो आणि तीच गर्दी काही मिनिटांत उलटते. पुढच्याच प्रवेशात सिन्ना नावाचा एक कवी रस्त्यानं चाललेला असतो. कटात सिन्ना नावाचा एक माणूस होता, हा तो नव्हे. तो ओरडून सांगतो, मी कवी आहे. गर्दी म्हणते, नाव तर तेच आहे ना! आणि त्याच्यावर तुटून पडते.

आणि ज्या प्रजासत्ताकासाठी इ.स.पूर्व ४४ मध्ये खून केला, ते वाचलंच नाही. इ.स.पूर्व २७ मध्ये सीझरचा वारस ऑगस्टस म्हणून सम्राट झाला.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा, असला 'गश्ती ५३'चा काळ आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसला. त्यामुळं परवानगीचा जाच काय असतो, हे परभणीकराला शिकवायला नको. नाटक आधी सरकारला दाखवायची पद्धत स्वतंत्र देशात तरी जावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दिसायला नको ते झाकलं म्हणून कळायचं थांबत नाही, हे १९०७ च्या प्रेक्षकांनी दाखवून दिलंय.

पण सगळा दोष सरकारवर ढकलूनही चालणार नाही. आज भाषण ऐकायला मैदानात जावं लागत नाही, अँटनी आपल्या खिशातल्या मोबाईलमध्येच बसलाय. एक क्लिप येते, आपण पुढं ढकलतो, आणि कुठल्या तरी गावात एखाद्याला नाव विचारून मारहाण होते. त्या वेळी ना आपण भीम असतो ना ब्रूटस. आपण ती गर्दी असतो.

म्हणून एवढंच सांगणं आहे. यंदा स्पर्धेची नाटकं लागली की तिकीट काढून जा. आणि पुढची क्लिप पाठवायच्या आधी त्या बिचाऱ्या कवीला एकदा आठवा.