नक्को

मराठवाड्यातल्या हसनाबादसारख्या गावात बाजाराच्या दिवशी कांद्याच्या ढिगामागं बसलेल्या माणसाचं बोलणं दहा मिनिटं नुसतं ऐकावं. एका गिऱ्हाइकाला, "घ्या की मावशी, कामून ठेवता?" आणि मान वळवली की दुसऱ्याला, "प्याज अच्छा है, भाव कम नक्को बोलो." मध्ये श्वाससुद्धा घेत नाही. त्याला विचारा, भाषा कधी बदलली? तो तुमच्याच तोंडाकडं बघत राहील.

यातला 'नक्को' आपल्या घरचा. मराठीतला 'नको' दखनीनं, म्हणजे दक्षिणेतल्या उर्दूनं, उचलला, 'क' जोरात दाबला आणि ठेवून घेतला. मराठीत 'नको, नकोस, नका' अशी माणूस पाहून रूपं बदलतात. दखनीनं ती कटकट ठेवली नाही, सगळ्यांना एकच नक्को. 'वहीच', 'ऐसाइच' यांतला ठसक्याचा 'च'ही आपलाच.

हे घडायला सुरुवात झाली हसनाबादच्या पश्चिमेला, देवगिरीच्या मुलखात. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली आणि तिचं दौलताबाद झालं. दिल्लीकडची बोली बोलणारे शिपाई, कारकून, सूफी, व्यापारी इथं उतरले. राजधानी परत गेली, पण माणसं सगळी गेली नाहीत. 1347 मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि त्यांची बोली दक्षिणेतच मुरत गेली.

नामं उसनी घेणं सोपं असतं. आपण तहसील घेतलं, जमाबंदी घेतली. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की अजून खासरा पत्रक आणि मुंतखब शोधत माणसं फिरतात. वस्तू आली की नाव तिच्या पाठोपाठ येतं. नकार मात्र वाक्याच्या सांध्यातला शब्द. तो सहसा कुणी उसना देत नाही, घेतही नाही. तो ओलांडून गेला, याचा अर्थ ती माणसं पाहुण्यासारखी मराठी ऐकत नव्हती, दोन्ही भाषांत नांदत होती.

आता त्या कांदेवाल्याच्या डोक्यात शिरू. 'कांदा' म्हणताना त्याच्या मेंदूत 'प्याज'ही जागा होतो. दोन भाषा बोलणाऱ्याची एक भाषा चालू असताना दुसरी पुरती झोपत नाही, असं प्रयोगांत वारंवार दिसलं आहे. मग तिला थोपवायचं कुणी? लंडनचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रीन यांनी 1998 मध्ये मांडणी केली, की बोलणारा नको असलेल्या भाषेला सतत दाबून धरतो. या कामात कपाळामागचा मेंदू आणि खोलवरचा कॉडेट न्यूक्लिअस यांचा वाटा असल्याचं पुढं मेंदूच्या प्रतिमांवरून दिसत गेलं. थोडक्यात, दुभाषी मेंदू दिवसभर स्वतःलाच 'नक्को' म्हणत असतो. आणि मला गंमत वाटते ती ही, की त्या पहाऱ्यातून निसटून पलीकडं गेला तो नेमका हाच शब्द.

या रोजच्या व्यायामाचा म्हातारपणी उपयोग होतो का? हा प्रश्न हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूरोगतज्ज्ञ सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. हैदराबाद म्हणजे मराठवाडा 1956 पर्यंत ज्या राज्यात होता त्याची राजधानी. त्यांनी स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण तपासले, त्यांपैकी 391 एकाहून अधिक भाषा बोलणारे. 2013 मध्ये निष्कर्ष छापून आला: एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा यांच्यात आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली.

कॅनडातल्या टोरांटोत 2007 मध्ये असंच काहीसं आढळलं होतं, पण तिथले बहुतेक दुभाषी परदेशातून आलेले. मग फरक भाषेचा की स्थलांतराचा, असा खोचक सवाल आलाच. हैदराबादेत तो उरला नाही. तिथं दुसरी भाषा शेजारच्या दारातूनच येते. शिक्षणाचा गुण असेल म्हणावं, तर शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही फरक दिसला, उलट जास्तच. तिसऱ्या-चौथ्या भाषेनं मात्र भर पडली नाही. सगळ्याच अभ्यासांतून हा लाभ दिसलेला नाही आणि तज्ज्ञांची भांडणं चालू आहेत, हेही खरं. आजार टळतो, असं तर अल्लाडींनीही म्हटलेलं नाही.

तरी ते निरक्षरांचं मनात राहतं. अर्जात 'शिक्षण' या रकान्यापुढं ज्यांच्या नावानं 'नाही' लिहिलं जातं, त्यांनी बाजारात, शेताच्या बांधावर, दर्ग्याच्या आणि देवळाच्या जत्रेत दुसरी भाषा कधी शिकली, त्यांनाही सांगता येत नाही. मावशीनं दोन किलो कांदे घेतले. पिशवी लहान पडत होती, म्हणून कांदेवाल्यानं वरून आणखी दोन टाकले, तर तीच म्हणाली, "नक्को रे बाबा, फाटंल."