तळटीप: जिनिव्हा करार अधिनियम, १९६०

१९४९ च्या चार जिनिव्हा करारांना भारतीय कायद्यात स्थान देणारा अधिनियम. गंभीर उल्लंघनांसाठी कलम ३ मध्ये शिक्षा आहेत: संरक्षित व्यक्तीच्या हेतुपुरस्सर हत्येला मृत्युदंड किंवा जन्मठेप, अन्य प्रकारांत १४ वर्षांपर्यंत कारावास. गुन्हा भारताबाहेर घडला वा आरोपी परदेशी असला तरी खटला चालवता येतो. मात्र कलम १७ नुसार फिर्याद सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्यानेच करायची असते. पीडिताला थेट दाद मागता येत नाही, ही या कायद्याची सर्वांत मोठी उणीव.

ती गोव्याच्या ‘मोन्तेरो विरुद्ध गोवा राज्य’ प्रकरणात उघड झाली. पोर्तुगीज नागरिकत्व राखलेले धर्मगुरू मोन्तेरो यांच्यावर निवास परवान्याची मुदत संपूनही गोव्यात राहिल्याबद्दल खटला झाला. चौथ्या करारानुसार व्यापलेल्या प्रदेशातून आपल्याला घालवता येणार नाही, असा त्यांचा दावा होता. २६ मार्च १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या निकालानुसार, डिसेंबर १९६१ मध्ये भारताने पोर्तुगालकडून घेतलेला लष्करी ताबा गोवा भारतात समाविष्ट होताच संपला आणि त्यासोबत ते संरक्षणही. शिवाय हा अधिनियम व्यक्तीला न्यायालयात जाण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवरही ही उणीव भरून निघत नाही, कारण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या १९९८ च्या रोम करारात भारत सामील नाही.