‘व्हिडा’चा हिशेब

सॅम्युएल बेलामी हा इंग्रज चाचा नायकपद मिळाल्यानंतर वर्षभरही जगला नाही. तरीही अठराव्या शतकाच्या आरंभीच्या दर्यालुटारूंमध्ये त्याच्याविषयी एक वेगळीच आस्था आढळते. तो गरिबांचा कैवारी होता, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत पारखून पाहण्याचे साधन समुद्रानेच जपून ठेवले.

१७१५ साली स्पेनचा खजिना वाहून नेणारा जहाजांचा काफिला फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ वादळात बुडाला. त्या बुडीत धनाच्या आशेने बेलामी तिकडे गेला. हाती फारसे काही लागले नाही, तेव्हा तो बेंजामिन हॉर्निगोल्डच्या टोळीत शिरला. हॉर्निगोल्ड इंग्रजी जहाजांवर हात टाकावयास राजी नव्हता. १७१६ च्या उन्हाळ्यात खलाशांनी बहुमताने त्याला दूर सारून बेलामीस नायक निवडले. आरमारात वा व्यापारी जहाजावर ज्यांचे मत कोणी कधी विचारले नव्हते, अशा माणसांनी केलेली ही निवड होती.

१७१७ च्या आरंभी वेस्ट इंडीजच्या समुद्रात तीन दिवस पाठलाग करून त्यांनी ‘व्हिडा’ हे जहाज पकडले. पश्चिम आफ्रिकेतील गुलामांच्या बाजारपेठेचे नाव धारण करणारे हे जहाज आपल्या तळघरातील माणसे विकून, त्यांचे मोल घेऊन लंडनकडे निघाले होते. पुढे बॉस्टनच्या न्यायालयात नोंदल्या गेलेल्या जबानीनुसार या लुटीत १८० जणांस प्रत्येकी ५० पौंडांचा वाटा पडला आणि धनाच्या पेट्या पहाऱ्यावाचून ठेवलेल्या होत्या. वाटणी चोख होती. परंतु जे वाटले गेले, त्यात विकल्या गेलेल्या माणसांची किंमत होती.

२६ एप्रिल १७१७ च्या रात्री केप कॉडच्या किनाऱ्यावर वादळाने ‘व्हिडा’ फुटली. जहाजावरच्या सुमारे १४५ माणसांपैकी दोघेच वाचले. बेलामीही बुडाला. वाचलेल्यांपैकी सुतार थॉमस डेव्हिस याने आपणांस बळजबरीने राबविले गेल्याचे सांगितले व तो निर्दोष सुटला. सोबतच्या दुसऱ्या फुटलेल्या जहाजावरील सहा जणांना त्याच वर्षी नोव्हेंबरात बॉस्टनमध्ये फाशी झाली.

चार्ल्स जॉन्सन या नावाने प्रसिद्ध झालेल्या चाच्यांच्या इतिहासाच्या १७२८ मधील खंडात बेलामीच्या तोंडी श्रीमंतांना धारेवर धरणारे एक भाषण आहे. ते लेखकाच्याच प्रतिभेचे असावे, असे अभ्यासक मानतात. बेलामीची कीर्ती मुख्यतः त्या भाषणावर उभी आहे.

१९८४ साली बॅरी क्लिफर्ड यांनी ‘व्हिडा’चे अवशेष शोधले, पुढच्या वर्षी जहाजाच्या नावाची घंटा वर आली. नाण्यांबरोबर आफ्रिकेतील अकान लोकांचे सोन्याचे दागिनेही निघाले, आणि त्यांतले काही वाटणीसाठी तोडलेले असावेत. एका लहान मुलाच्या पायाचे हाड, मोजा आणि बूटही सापडला. १७१६ साली हट्टाने चाच्यांत सामील झालेल्या जॉन किंग या बालकाचे ते अवशेष असावेत, असा तर्क आहे.

वाचलेला दुसरा खलाशी जॉन ज्युलियन हा मध्य अमेरिकेतील मिस्किटो जमातीचा होता. त्याच्यावर खटला चाललाच नाही. त्याला गुलाम म्हणून विकले, असे मानले जाते. चाच्यांच्या जहाजावर त्याला वाटा होता. किनाऱ्यावर त्याला किंमत होती. बेलामीच्या अल्प कारकिर्दीचा निवाडा करताना या दोन्ही गोष्टी एकत्र मांडाव्या लागतात.