घरगुती ध्वनिमुद्रणाची वंशावळ

घरातील स्टुडिओसाठी मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर निवडताना प्रो टूल्स, क्यूबेस, लॉजिक, रीपर, एबलटन लाइव्ह, आर्डर आणि ऑडॅसिटी अशी अनेक नावे समोर येतात, आणि त्यांची तुलना बहुधा किंमत व सोयींच्या यादीवरून केली जाते. ही तुलना अपुरी ठरते, कारण या साधनांचा उगम एका ठिकाणी झालेला नाही. गायनातील घराण्यांप्रमाणे त्यांचीही घराणी आहेत, आणि प्रत्येक घराण्याने आपल्या मूळ कामाची पद्धत, तिचे बळ आणि तिच्या मर्यादा पुढच्या पिढीकडे सोपवल्या आहेत.

मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रण म्हणजे प्रत्येक आवाज किंवा वाद्य स्वतंत्र पट्टीवर, म्हणजेच ट्रॅकवर, मुद्रित करून त्यांचे प्रमाण नंतर ठरवणे होय. या पद्धतीचा, आणि पहिल्या घराण्याचा, पाया चुंबकीय फितीने घातला. जर्मनीत एईजी कंपनीने १९३५ मध्ये ‘मॅग्नेटोफोन’ हे फितीचे यंत्र लोकांसमोर आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते तंत्र अमेरिकेत पोचले आणि अँपेक्स कंपनीने १९४८ मध्ये त्याच धर्तीवर यंत्रे विकण्यास आरंभ केला. गिटारवादक लेस पॉल यांना गायक बिंग क्रॉस्बी यांच्याकडून असे एक यंत्र मिळाले, आणि त्यात एक जादा हेड (फितीवरील ध्वनी वाचणारा भाग) बसवून त्यांनी आधीच्या मुद्रणावर नवे वादन चढवण्याची युक्ती साधली. या युक्तीत आधीचे मुद्रण पुसले जाऊन त्याच्या जागी दोहोंचे मिश्रण उमटत असे, त्यामुळे शेवटच्या थरात चूक झाली तर सर्व काम पहिल्यापासून करावे लागे. हा प्रयोग त्यांनी आणि गायिका मेरी फोर्ड यांनी मोठ्या प्रमाणावर घरीच केला, ही गोष्ट लक्षणीय आहे. घरगुती स्टुडिओची कल्पना व्यावसायिक मल्टिट्रॅक यंत्राच्याही आधीची आहे.

खरे स्वतंत्र ट्रॅक मिळण्यासाठी आणखी एक अडचण सोडवावी लागली. फितीच्या यंत्रात मुद्रण करणारे हेड आणि ऐकवणारे हेड वेगवेगळ्या जागी असतात. त्यांत दीड इंच अंतर असेल आणि फीत सेकंदाला १५ इंच वेगाने सरकत असेल, तर आधीचा ट्रॅक ऐकून वाजवलेले वादन फितीवर एक दशांश सेकंद मागे पडते, आणि एवढा फरक कोणत्याही तालात उघड कळतो. मुद्रणाच्याच हेडवरून आधीचे ट्रॅक ऐकवण्याची अँपेक्समधील रॉस स्नायडर यांची कल्पना ‘सेल-सिंक’ नावाने ओळखली गेली, आणि तिच्या आधारे तयार झालेले आठ ट्रॅकचे यंत्र लेस पॉल यांनी १९५७ मध्ये १०,००० डॉलर देऊन घेतले. मोठ्या स्टुडिओंत मात्र ट्रॅकची संख्या हळूहळूच वाढली. बीटल्सचा १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवरच घडला, आणि १६ व २४ ट्रॅकची, दोन इंच रुंद फितीची यंत्रे पुढील काही वर्षांत रुळली. ती विकत घेणे सामान्य संगीतकाराच्या आवाक्याबाहेर होते.

हे अंतर जपानी टास्कम कंपनीच्या ‘पोर्टास्टुडिओ १४४’ या यंत्राने १९७९ मध्ये कमी केले. साध्या कॅसेटच्या दोन बाजूंचे मिळून चार ट्रॅक होतात. हे यंत्र ते चारही एकाच दिशेने आणि नेहमीच्या दुप्पट वेगाने वापरीत असे, आणि आवाजांचे प्रमाण ठरवणारा मिक्सरही त्याच पेटीत असे. चारपेक्षा अधिक थर हवे असल्यास तीन ट्रॅक भरून त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळे झालेले तीन पुन्हा वापरायचे, अशी रीत होती; मात्र अशा प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढे आणि केलेले मिश्रण परत सुटे करता येत नसे. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी न्यू जर्सीतील घरात याच यंत्रावर केलेली मुद्रणे पुढे वाद्यवृंदासह स्टुडिओत करून पाहिली गेली, पण अखेर कॅसेटवरील मूळ मुद्रणेच १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ या नावाने प्रसिद्ध झाली. घरातील मुद्रण हे केवळ कच्चे टिपण असते, हा समज त्यामुळे खोटा ठरला.

दुसऱ्या घराण्याचा उगम वाद्यांच्या आज्ञांमध्ये आहे. इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी परस्परांशी बोलण्याची ‘मिडी’ ही समाईक भाषा १९८३ मध्ये प्रत्यक्षात आली. तिच्यात ध्वनी साठवला जात नाही, तर कोणता सूर केव्हा, किती जोराने दाबला आणि केव्हा सोडला एवढेच नोंदले जाते. अशा नोंदी साठवून क्रमाने वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरला सीक्वेन्सर म्हणतात. १९८५ च्या अटारी एसटी या संगणकात मिडीची जोडणी मुळातच दिलेली असल्याने तो संगीतकारांचा आवडता झाला, आणि हँबुर्गच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९८९ मध्ये त्यावर क्यूबेस आणले. गाण्याचे तुकडे डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या कालरेषेवर ठोकळ्यांसारखे मांडण्याची त्यातील रचना आज जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये दिसते. लॉजिकची मुळेही अटारीवरील जर्मन सीक्वेन्सरमध्येच आहेत.

तिसरे घराणे प्रत्यक्ष ध्वनी संगणकात कापण्या-जोडण्यातून निर्माण झाले. अमेरिकेतील डिजिडिझाइन कंपनीने १९८९ मध्ये मॅकिंटॉशवर दोन ट्रॅकचे ‘साउंड टूल्स’ आणि १९९१ मध्ये चार ट्रॅकचे ‘प्रो टूल्स’ आणले. त्याची किंमत ६,००० डॉलर होती. खरा अडसर साठवणुकीचा होता. सीडीच्या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे पाच मेगाबाइट जागा घेतो, म्हणजे चार मिनिटांच्या आठ ट्रॅकच्या गाण्याला सुमारे १७० मेगाबाइट लागतात, आणि त्या काळच्या हार्ड डिस्कचा मोठा भाग त्यातच संपे. म्हणूनच १९९२ मध्ये बाजारात आलेले, व्हिडिओ कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक मुद्रित करणारे अलेसिस कंपनीचे ‘एडॅट’ काही वर्षे छोट्या स्टुडिओंत संगणकापेक्षा अधिक पसरले.

दुसऱ्या आणि तिसऱ्या घराण्यांचा संगम १९९६ मध्ये सामान्य संगणकाच्या आवाक्यात आला. स्टाइनबर्गच्या ‘व्हीएसटी’ पद्धतीने घुमारा आणि इतर संस्कार वेगळ्या महागड्या कार्डाशिवाय संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर करता येऊ लागले आणि त्रयस्थ कंपन्यांनाही असे प्लगइन लिहिण्याची वाट मोकळी झाली. त्याबरोबर फितीच्या काळातील विलंबाचा प्रश्न नव्या रूपात परतला: संगणक ध्वनीचे नमुने गठ्ठ्याने हाताळतो, आणि सीडीच्या दराने २५६ नमुन्यांचा गठ्ठा सुमारे सहा मिलिसेकंद, तर १,०२४ नमुन्यांचा सुमारे २३ मिलिसेकंद उशीर करतो. पहिला उशीर गायकाला सहसा जाणवत नाही. दुसरा त्याला लयीतून ढळवू शकतो.

यानंतर साधने झपाट्याने स्वस्त झाली. ऑडॅसिटी २००० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील कामातून मुक्त सॉफ्टवेअर म्हणून आले. पॉल डेव्हिस यांनी लिनक्ससाठी आर्डर उभे केले. २००१ मध्ये बर्लिनहून आलेल्या एबलटन लाइव्हने आवर्ती तुकडे रंगमंचावर जुळवण्याचे चौथे घराणे रूढ केले. ॲपलने २००४ मध्ये गॅरेजबँड आणले. आणि विनॲम्प या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचे कर्ते जस्टिन फ्रँकल यांचे रीपर २००६ पासून, वैयक्तिक वापरासाठी अल्प किमतीत, पूर्ण क्षमतेचे मल्टिट्रॅक देऊ लागले.

ही वंशावळ मराठी संगीतकारालाही उपयोगी आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अनेक दशके गायक आणि वादकवृंद एकत्र बसून एकाच बैठकीत गाणे मुद्रित करीत, आणि त्या पद्धतीत लय माणसांच्या परस्पर ऐकण्यातून ठरे. सीक्वेन्सर आणि आवर्ती तुकड्यांच्या घराण्यांत लय आधी ठरलेल्या ठोक्यांच्या जाळीवर बांधलेली असते. विलंबित ख्याल, किंवा लय किंचित चढत जाणारा अभंग, या जाळीत बसवू गेल्यास गाणे आखडते. म्हणून हार्मोनियम, तबला आणि कंठ यांच्या मुद्रणासाठी फितीच्या रीतीने चालणारे रीपर, आर्डर किंवा प्रो टूल्स अधिक सोयीचे, तर कीबोर्डवर वाद्यमेळ रचणाऱ्यासाठी क्यूबेस किंवा लॉजिक अधिक स्वाभाविक ठरते. ऑडॅसिटी भाषण, वाचन आणि साध्या छाटणीसाठी उत्तम आहे. मिडी वाद्यमेळ हा त्याचा प्रांत नव्हे.

इतिहासाचा आणखी एक धडा टिकाऊपणाविषयी आहे. ॲपलने २००२ मध्ये लॉजिकची मूळ कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरील लॉजिक बंद झाले. १९८७ पासून चालत आलेल्या केकवॉक या सीक्वेन्सरचे काम २०१७ मध्ये तत्कालीन मालक गिब्सन कंपनीने थांबवले, आणि पुढच्या वर्षी बँडलॅब कंपनीने ते घेतले म्हणून ते वाचले. कोणतेही सॉफ्टवेअर चिरंतन नाही. म्हणून निवड करणाऱ्याने प्रथम आपले काम कोणत्या घराण्याचे आहे हे ओळखावे, त्यानंतर किंमत पाहावी, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक गाण्याचे सर्व ट्रॅक आरंभापासून अखेरपर्यंत साध्या वेव्ह फाइलींच्या रूपात वेगळे जपून ठेवावेत. त्या फाइली आज आरंभीच्या यादीतील प्रत्येक सॉफ्टवेअर उघडू शकते.