डेबोनेर : जुन्या अंकांचा संग्रह

मुंबईहून सत्तरीच्या दशकात इंग्रजीत निघू लागलेले, अमेरिकेतील ‘प्लेबॉय’च्या (१९५३) धर्तीवरील पुरुषवर्गीय मासिक. १९७४ मध्ये विनोद मेहता यांच्याकडे संपादनाची सूत्रे आल्यावर अर्धानावृत तरुणींच्या छायाचित्रांशेजारी दीर्घ मुलाखती व गंभीर साहित्य यांनाही त्यात स्थान मिळाले. हा अंक आपण मजकुरासाठीच घेतो, या वाचकाच्या सबबीवर कोणी सहसा विश्वास ठेवीत नसे, तथापि ती सर्वस्वी खोटी नव्हती. संग्राहकाने मुखपृष्ठावरील चेहऱ्याला भुलण्यापूर्वी मधले जोडपान शाबूत आहे की नाही हे पाहावे, कारण रद्दीत जाण्यापूर्वी तेच फाडले जाई, आणि समुद्रकाठच्या दमट हवेत पिनांचा गंजही प्रथम त्याच पानावर उतरतो. भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ चा रोख अश्लील प्रकाशनांच्या विक्रीवर व विक्रीस्तव बाळगण्यावर होता, खाजगी संग्रहावर नव्हे.