मिश्र विमानविरोधी बॅटऱ्या (ब्रिटन)

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुषांनी एकत्र चालवलेल्या तोफखान्याच्या तुकड्या. त्यांच्याकडे मुख्यतः 3.7 इंची जड तोफा असत. त्या ज्या विमानविरोधी कमांडखाली येत, ती 1 एप्रिल 1939 रोजी स्थापन झाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून 1945पर्यंत जनरल सर फ्रेडरिक पाइल तिचे प्रमुख होते.

पाइल यांनी 1938मध्येच विद्युत अभियंता कॅरोलाइन हॅस्लेट यांना बॅटरीचे काम दाखवले होते. जड गोळे उचलणे सोडल्यास बाकी सारे स्त्रियांना जमेल, असा त्यांचा निर्वाळा होता. मनुष्यबळाची चणचण भासू लागली तेव्हा तो कामी आला. एप्रिल 1941मध्ये ए.टी.एस. या स्त्रियांच्या सहायक दलाला पूर्ण लष्करी दर्जा मिळाला आणि ऑगस्टमध्ये लंडनच्या रिचमंड पार्कात पहिली मिश्र बॅटरी उभी राहिली. पंतप्रधान चर्चिल यांची कन्या मेरी हाइड पार्कातील अशाच बॅटरीत होती.

नेमबाजीचा सगळा हिशेब मुलींच्या हाती असे. ताशी 400 किमी वेगाचे विमान 20 सेकंदांत दोन किमीहून अधिक पुढे जाते. त्यामुळे गोळा विमानावर नव्हे, ते पोहोचेल त्या जागी सोडावा लागतो. एकजण उंचीमापकावरून उंची सांगे. प्रेडिक्टर या गणनयंत्रापाशी दोघी दुर्बिणींना डोळे लावून, चाके अगदी हळू फिरवत विमान तारेच्या फुलीवर धरून ठेवत. हात किंचित थरथरला तरी गोळा भलतीकडे जाई. यंत्रातून निघालेली दिशा, उंचीचा कोन आणि फ्यूजची वेळ थेट तोफेकडे जाई. रडारवरही त्याच असत.

गोळा भरणे आणि तोफ डागणे मात्र पुरुषांकडेच राहिले, कारण स्त्रियांना प्रत्यक्ष लढण्याची मनाई होती. हा भेद निव्वळ कागदावरचा होता. नेम धरणारी लढत नाही, हे म्हणणे पटण्यासारखे नाही. बॉम्बला तर तो ठाऊकच नव्हता. एप्रिल 1942मध्ये प्रेडिक्टरवरील 18 वर्षांची मुलगी बॉम्बच्या तुकड्याने कोसळली. दुसरीने लगेच तिची जागा घेतली आणि मारा थांबला नाही. वेतन तेवढे पुरुषांच्या दोन-तृतीयांश होते.

1943मध्ये कमांडमधील स्त्रियांची संख्या 56,000च्या घरात गेली. आदल्या वर्षी प्रकाशझोतांची एक जवळजवळ संपूर्ण स्त्रियांची रेजिमेंट, 93वी, उभारली गेली होती. 1944च्या उन्हाळ्यात व्ही-1 या उडत्या बॉम्बना अडवायला तोफा इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर नेल्या, तेव्हा मिश्र बॅटऱ्याही सोबत गेल्या. पुढे त्यांतल्या काही बेल्जियमपर्यंत पोहोचल्या.