जात्याची घरघर आणि स्वरांचे कण

भीमेच्या उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. पिठाच्या गिरण्या गावोगाव पोहोचेपर्यंत या तालुक्यांत पहाट उजाडे ती जात्याच्या घरघरीने, आणि त्या घरघरीवर बायकांची ओवी चाले. गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभारलेल्या संकलनात राज्यभरातील एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. शिरूरमधील सविंदण्याच्या ओव्याही त्यांत आहेत.

यांतील बहुतांश ओव्या शब्दरूपाने कागदावर उतरल्या. चालीचे काय? १९९०च्या दशकात संगणकीय संगीतशास्त्रज्ञ बर्नार्ड बेल या कामात आले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण उभे राहिले. (रागसंगीतातील स्वरांची चढउतार रेषेत उमटवणाऱ्या यंत्रावर याच बेल यांनी आधी काम केले होते.)

सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात सेकंदाला ४४,१०० आकडे नोंदले जातात. दहा सेकंदांच्या ओवीचे ४,४१,००० आकडे. चाल मात्र मोजक्या स्वरांत फिरणारी! हा पसारा थोडक्यात मांडण्याच्या शास्त्राला ‘स्पार्स रिप्रेझेंटेशन’, म्हणजे विरल निरूपण, म्हणतात.

१९४६ साली डेनिस गाबोर यांनी ध्वनी म्हणजे काळ व कंप्रता या दोहोंत मर्यादित अशा कणांची रास, अशी मांडणी केली. १९९३ मध्ये स्तेफान माला आणि झिफेंग झांग यांनी कण वेचण्याची एक रीत दिली, ‘मॅचिंग पर्स्यूट’. कणांचा मोठा कोश घ्यायचा, ध्वनीशी सर्वाधिक जुळणारा कण उचलायचा, तो वजा करायचा, उरलेल्यावर पुन्हा तेच. धान्य निवडताना खडे वेचतात. इथे वेचायचे ते दाणे, सुपात उरतो कचरा.

गळ्यातील लांबवलेला स्वर थोड्या कणांत बसतो, कारण त्यात मूळ कंप्रता आणि तिच्या पटी एवढेच प्रामुख्याने असते. जात्याची घरघर बसत नाही. ती असंख्य कंप्रतांवर विखुरलेली. शेकडो कण वेचले तरी शेषातच राहते, आणि गणित तिला गोंगाट ठरवून मोकळे होते.

इतिहासाच्या अभ्यासकाने हा निवाडा निमूटपणे मानू नये. घरघर प्रत्येक फेऱ्यात चढते-उतरते, त्यावरून फेऱ्याचा वेग काढता येतो. जाते फिरत असताना झालेल्या मुद्रणात स्वरांचे कण आणि जात्याचे फेरे एकाच कालरेषेवर मांडले, तर गाणारीचा दम कुठे तुटला, चरण कोणत्या ओढीवर पडला, वैरण घालताना हात मंदावला तेव्हा स्वर लांबला की थांबला, हे उमगू शकते. ओव्यांच्या वहीत यातले काहीच उतरलेले नाही.